राजाच्या लेकींचा खटला

बत्तीस वर्षं मी जिल्हा न्यायालयात लघुलेखक होते. साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहायचा, वकील प्रश्न विचारायचे, न्यायाधीश सांगतील तसं मी उतरवून घ्यायची. त्या कामाने एक सवय लावली ती कायमची. कुठलीही हकिकत वाचताना मी आधी बघते, की हे सांगतंय कोण, त्याला विचारलं कोणी, आणि काय विचारायचं राहून गेलं.

निवृत्तीनंतर रहस्यकथा वाचायला सवड मिळाली. त्यातही मला ओढ लागली ती युरोपच्या मध्ययुगात घडणाऱ्या कादंबऱ्यांची, ज्यांत एखादी जोगीण, म्हणजे ख्रिस्ती मठातली नन, खुनाचा छडा लावते. दरबारात विषाचे प्याले फिरत असतात, सरदार एकमेकांच्या जिवावर उठलेले असतात, आणि ही बाई त्या सगळ्यांतून ताठ मानेने फिरते. ती कोणाची बायको नाही, कोणाची सून नाही. तिला लिहिता-वाचता येतं, औषधपाणी कळतं, कोठीचा हिशेब ठेवता येतो. मला ह्या बाया मनापासून आवडतात. शेवटच्या वीस पानांत त्या सगळा गुंता सोडवतात आणि गुन्हेगार समोर येतो. बत्तीस वर्षांत असे निकाल मी फार थोडे उतरवून घेतले, म्हणूनही असेल.

ह्याच वाचनाच्या ओघात तूरच्या ग्रेगरीपाशी पोचले. हा ५७३ ते ५९४ ह्या काळात फ्रान्समधल्या तूर शहराचा बिशप होता. त्याने आपल्या काळाचा इतिहास लॅटिनमध्ये दहा भागांत लिहून ठेवला. मी तो इंग्रजी अनुवादातून वाचला. नवव्या आणि दहाव्या भागात एका मठाची हकिकत येते, आणि ती वाचताना मी पेन्सिल घेऊन बसले. आरोप, जबाब, साक्षी, निकाल, सगळं तिथे होतं. कादंबरीतली जोगीण दरबारी कारस्थानात अडकते ते कारस्थान बाहेरून आलेलं असतं. इथे दरबारच मठात राहायला आला होता.

त्या दरबाराविषयी थोडं सांगायला हवं. फ्रँक लोकांचा राजा क्लोथार ५६१ साली वारला आणि राज्य चार मुलांत वाटलं गेलं. पुढे जे झालं त्याला मराठीत नेमका शब्द आहे, भाऊबंदकी. शारिबेर लवकर गेला. सिगिबेरला ५७५ मध्ये विषारी सुऱ्यांनी मारलं, ते चिल्पेरिकची राणी फ्रेडेगुंड हिने पाठवलेल्या माणसांनी. खुद्द चिल्पेरिक ५८४ मध्ये शिकारीहून परतताना मारला गेला, आणि तो खून कोणी करवला ह्यावर आजही एकमत नाही. राहिला गुंट्राम. ह्या घराण्यात राजाची मुलगी असणं म्हणजे एकतर दूरदेशी लग्नाच्या सौद्यात जाणं, नाहीतर सावत्र आईच्या डोळ्यांत खुपणं.

ग्रेगरीच्या हकिकतीतला मठ फ्रान्समधल्याच प्वातिए गावचा. तो उभा केला ह्याच क्लोथारच्या राणीने, रादेगुंदने. ती आजच्या जर्मनीतल्या थुरिंगियाची राजकन्या. ५३१ मध्ये क्लोथारने तिचं राज्य बुडवलं आणि लहानग्या रादेगुंदला लुटीबरोबर उचलून आणलं. वाढवलं, मग तिच्याशी लग्न लावलं. पुढे त्यानेच तिच्या भावाला मारवलं, आणि ती निघाली. ती थेट बिशप मेदारकडे गेली आणि म्हणाली, मला दीक्षा द्या. राजाची बायको होती ती, बिशप कचरला. राजाची माणसं त्याला वेदीपासून ओढू लागली. तेव्हा तिने आतल्या खोलीत जाऊन स्वतःच जोगिणीचा वेश अंगावर चढवला आणि त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. तुम्हाला देवापेक्षा माणसाची भीती जास्त वाटते का, असं विचारलं तिने. मेदारने तिच्या डोक्यावर हात ठेवला.

रादेगुंदसाठी मठाची भिंत म्हणजे नवऱ्याचा हात पोचणार नाही अशी जागा होती. तिने आर्लचा बिशप सिझेरियस ह्याचा नियम मठाला लावून घेतला. त्यातलं मुख्य कलम असं, की आत आलेल्या बाईने मरेपर्यंत बाहेर पाऊल टाकायचं नाही. ह्या कलमाकडे मी आधी कैद म्हणूनच पाहिलं होतं. रादेगुंदचं आयुष्य वाचल्यावर कळलं, की जी आत गेली तिला बाहेर ओढता येणार नाही, असाही त्याचा अर्थ होतो. तिला तो दुसरा अर्थ हवा होता.

आणि आत नुसतं रुक्ष जिणं नव्हतं. फोर्तुनातुस नावाचा इटलीहून आलेला कवी त्या गावात स्थिरावला होता. रादेगुंद आणि तिची मानसकन्या आग्नेस, म्हणजे मठाची पहिली प्रमुख, त्याला मठातून जिन्नस धाडायच्या. अंडी, आलुबुखार, दूध. तो उत्तरादाखल कविता पाठवायचा, कधी कवितेबरोबर फुलं. एकदा आग्नेसने साय धाडली. तिने स्वतःच्या हाताने काढलेली असावी, कारण सायीवर तिच्या बोटांचे ठसे उमटले होते. कवीने नेमकं तेच पाहिलं आणि त्यावर दोन ओळी लिहिल्या. चौदाशे वर्षांपूर्वीच्या एका बाईची बोटं सायीवर उमटलेली अजून दिसतात. घरी दूध तापवून साय काढणाऱ्या कोणालाही ती ओळ समजावून सांगावी लागणार नाही.

आता बासिना.

ती चिल्पेरिकची मुलगी, पहिल्या राणीपासूनची. फ्रेडेगुंडला सवतीची पोरं नको होती. ५८० साली बासिनाचा भाऊ क्लोव्हिस मारला गेला, आईलाही मारलं. बासिनाला फ्रेडेगुंडच्या माणसांनी फसवून प्वातिएच्या मठात नेऊन घातलं. तिथे तिने वेश बदलला आणि ती अजून तिथेच आहे, एवढंच ग्रेगरी लिहितो. आपल्याकडे मुलीच्या बाबतीत 'दिल्या घरी' म्हणतात, त्यात निदान देणारा कोणी तरी असतो. हिला देणारं कोणी उरलंच नव्हतं.

चार वर्षांनी तिच्या बापाला तिची आठवण झाली. त्याची दुसरी मुलगी रिगुंथ स्पेनच्या राजपुत्राला देऊ केलेली होती. पण तेवढ्यात चिल्पेरिकचा लहान मुलगा गेला. घरात सुतक असताना लग्न कसं करायचं, म्हणून त्याच्या मनात आलं, की मठातली बासिना पाठवून द्यावी. बासिनाने चालढकल केली, असं ग्रेगरी जाता जाता लिहितो. आणि रादेगुंदने ठाम नकार दिला. ख्रिस्ताला वाहिलेल्या मुलीने पुन्हा संसाराच्या सुखाकडे वळणं योग्य नाही, असा तिचा निरोप.

ह्या नकारापाशी मी फार दिवस थांबले. रादेगुंदचं मन मला कळतं. तिला लहानपणी उचलून नेलं होतं, एका मुलीला तरी आपण सौद्यातून वाचवतोय असंच तिला वाटलं असणार. पुढे घडलं ते पाहता वाचवलंच तिने. रिगुंथ शेवटी पन्नास गाड्या भरून दागदागिने घेऊन निघाली. वाटेत बरोबरच्याच माणसांनी लुटायला सुरुवात केली, तूलूझला पोचेपर्यंत बापाच्या खुनाची बातमी आली, उरलेला खजिनाही गेला. स्पेन तिने पाहिलंच नाही. पण वाहिलेली मुलगी, हे शब्द बासिनाला लागू होते का? तिला वाहिलं कोणी? फ्रेडेगुंडच्या नोकरांनी? रादेगुंद स्वतःच्या पायांनी त्या दारातून आत आली होती. बासिनाला आणून टाकलं होतं. दोघींना नियम मात्र एकच.

जुन्या गोव्यात सांता मोनिकाचा मठ आहे, १६०६ साली सुरू झालेला. मी तो बाहेरून पाहिला तेव्हा भिंतीला टेकू म्हणून बांधलेले भले मोठे धिरे बघत बराच वेळ उभी होते. एवढा भार भिंतीवर कसला येतो, हा प्रश्न खरं तर बांधकामाचा. माझ्या डोक्यात मात्र त्या दिवशी बासिनाच होती.

१३ ऑगस्ट ५८७ ला रादेगुंद गेली. अंत्यविधीला ग्रेगरी तूरहून आला, कारण गावचा बिशप मारोव्हियस आलाच नाही. त्याचं आणि रादेगुंदचं कधीच जमलं नव्हतं. शवाभोवती दोनशेच्या आसपास जोगिणी उभ्या होत्या. अंत्ययात्रा निघाली ती भिंतीच्या बाहेरून. जोगिणींना बाहेर पडायला बंदी, म्हणून त्या बुरुजांच्या खिडक्यांतून आणि तटावरून रडत होत्या. खाली मंत्र म्हणणाऱ्यांना रडू आवरेना, असं ग्रेगरी लिहितो. पाठोपाठ आग्नेसही गेली आणि ल्युबोव्हेरा नावाची बाई मठाची प्रमुख झाली. ती राणी नव्हती, राजघराण्यातली नव्हती.

ठिणगी पडली ती इथे. क्लोटिल्ड नावाची जोगीण आत होती, ती स्वतःला शारिबेर राजाची मुलगी म्हणवायची. ५८९ च्या फेब्रुवारीत चाळीसहून जास्त जोगिणींकडून शपथा घेऊन तिने मठ सोडला, बासिना तिच्या बरोबर. आमचा इथे असा पाणउतारा होतो, की जणू आम्ही राजाच्या लेकी नसून हलक्या दासींच्या पोरी आहोत, हे तिचं म्हणणं. घोडा नाही, गाडी नाही. पावसाने रस्ते तुंबलेले, वाटेत कोणी घासभर अन्न दिलं नाही. एक मार्चला त्या तूरला ग्रेगरीच्या दारात पोचल्या. वर्षानुवर्षं भिंतीआड राहिलेल्या बायका प्वातिएपासून तूरपर्यंत चिखल तुडवत चालल्या. हे वाक्य ग्रेगरी रागाने लिहितो, पण त्यांचे पाय त्यालाही दिसले असणार, नाहीतर उपाशीपणाची आणि चिखलाची नोंद त्याने कशाला केली असती?

पुढचं वर्षभर जे झालं त्यात माझी सहानुभूती मला आवरती घ्यावी लागली. क्लोटिल्ड गुंट्राम राजाकडे जाऊन आली. बिशपांची चौकशी बसेल म्हणून वाट पाहिली, ती बसेना. मग ह्या बायका प्वातिएत परत आल्या, सेंट हिलरीच्या देवळात मुक्काम ठोकला आणि चोर, खुनी, पळालेले गुन्हेगार असली माणसं भोवती जमवली. बहिष्काराचा हुकूम सांगायला आलेल्या बिशपांना त्या माणसांनी देवळातच बदडलं. एक डीकन, म्हणजे कनिष्ठ धर्मगुरू, इतका घाबरला, की उतार न शोधता त्याने घोडा सरळ क्लॅं नदीत घातला.

मग ५९० च्या ईस्टरच्या काही दिवस आधीची ती रात्र. क्लोटिल्डची माणसं मठात घुसली. ल्युबोव्हेराला गाउटचा त्रास, चालता येत नव्हतं. गलका ऐकून ती म्हणाली, मला पवित्र क्रुसाच्या पेटीपाशी न्या. रादेगुंदने ५६९ मध्ये कॉन्स्टँटिनोपलच्या बादशहाकडून मिळवलेला क्रुसाचा तुकडा त्या पेटीत होता. तिला तिथे बसवलं. माणसं मेणबत्ती घेऊन, तलवारी उपसून खोल्या धुंडाळत आली. आणि मेणबत्ती विझली. अंधारात जस्टिना नावाच्या उपप्रमुख जोगिणीने वेदीवरचं वस्त्र ओढलं आणि ल्युबोव्हेराला त्याखाली झाकलं. झटापट झाली, जोगिणींचे कपडे फाटले, हात ओरबाडले गेले, आणि त्या लोकांनी जस्टिनालाच ल्युबोव्हेरा समजून केस मोकळे, तशीच ओढत नेली. उजाडायला लागल्यावर कळलं, की ही ती नव्हे. तिला परत पाठवलं आणि पुन्हा येऊन ल्युबोव्हेराला नेलं.

कादंबरी असती तर ह्या रात्रीची चाळीस पानं झाली असती. मला मात्र जस्टिनापाशी थांबावं लागलं, कारण ही जस्टिना ग्रेगरीची भाची होती.

शेवटी सरदार माको शिपाई घेऊन आला. क्लोटिल्ड क्रूस हातात धरून दारात उभी राहिली. माझ्या अंगाला हात लावू नका, मी राणी आहे, राजाची मुलगी आणि दुसऱ्या राजाची चुलत बहीण आहे, असं ओरडली. कोणी ऐकलं नाही. तिच्या माणसांचे हात तोडले, नाक-कान कापले. मगच बिशप न्यायाला बसले, ग्रेगरी त्यांच्यातला एक.

आणि आता माझ्या ओळखीचं काम सुरू झालं. फिर्यादींनी आरोप मांडले. अन्न निकृष्ट, कपडे अपुरे, वागणूक कठोर. स्नानगृह परक्यांना वापरू दिलं. प्रमुख सोंगट्या खेळते. बाहेरची माणसं तिच्याकडे जेवतात. मठात साखरपुडा झाला. वेदीच्या रेशमी वस्त्रातून तिने भाचीला कपडा शिवला.

ल्युबोव्हेराने एकेक जबाब दिला. दिवस टंचाईचे होते, पण उपाशी कोणी राहिलं नाही. कपड्यांच्या पेट्या उघडून पाहा. स्नानगृह नवं होतं, ओल्या चुन्याचा वास जोगिणींना बाधू नये, म्हणून रादेगुंदबाईंनीच वास जाईपर्यंत ते नोकरांना वापरायला सांगितलं. सोंगट्या त्यांच्या हयातीतही खेळत होते, नियमात मनाई नाही, तुम्ही सांगाल तर सोडते. साखरपुडा माझ्या आईबापाविना भाचीचा, बिशपांच्या आणि सरदारांच्या देखत.

रेशमाचा मुद्दा मी तीनदा वाचला. डिडिमिया नावाच्या जोगिणीला माहेराहून रेशमी कापड आलं होतं. ते तिने प्रमुखाला दिलं. त्यातून वेदीला लागेल तेवढं कापून वेदीचं वस्त्र झालं, आणि उरलेल्या तुकड्याची भाचीच्या झग्याला किनार लावली. म्हणजे वेदीचं कापड कापलं नव्हतं, वेदीला देऊन उरलेलं वापरलं होतं. डिडिमियाला विचारलं, ती म्हणाली, हो, मीच दिलं. उरलेल्या चिंधीचा असा हिशेब द्यावा लागणं, आणि तो चोख देता येणं. मठाच्या कोठीवर ह्या बाईची किती नजर होती ते मला इथे दिसलं. एखाद्या साक्षीदाराचं खरेपण बारीक तपशिलात कळतं, हे मी नोकरीत शिकले होते. ल्युबोव्हेरा खरं बोलत होती, ह्याविषयी मला शंका नाही.

क्लोटिल्डचे दोन आरोप तर पिंजऱ्यातच कोसळले. मठात बाईच्या वेशात पुरुष आहे, हा बघा, असं तिने बोट दाखवलं. तो माणूस उभा राहिला. पुरुषाचं कर्तव्य आपल्याच्याने होत नाही म्हणून हा वेश घेतला, प्रमुखबाईचं नाव फक्त ऐकलंय, राहतो इथून चाळीस मैलांवर, असं त्याने सांगितलं. दुसरा आरोप होता, की बाई बादशहासारखे खोजे बाळगतात. तेव्हा रिओव्हालिस हा वैद्य पुढे आला. एका पोराला जांघेत असह्य दुखणं होतं, त्याची आई रादेगुंदकडे रडत आली. कॉन्स्टँटिनोपलला वैद्यांना करताना पाहिली तशी शस्त्रक्रिया मी केली आणि पोर आईला बरं करून दिलं, असं तो म्हणाला. प्रमुखबाईला ह्यातलं काही माहीत नव्हतं.

निकाल लागला. ल्युबोव्हेरा निर्दोष, किरकोळ बाबतीत समज देऊन जागेवर. क्लोटिल्ड आणि बासिना बहिष्कृत.

पुराव्यावरून पाहिलं तर मीही हाच निकाल टंकलिखित केला असता. तरी हा खटला मला सोडत नाही. ज्याने न्याय केला त्यानेच हकिकत लिहिली, आणि रात्री ओढून नेलेली बाई त्याची भाची होती.  ह्या सगळ्या कागदांत सोंगट्यांवर प्रश्न आहे, चुन्याच्या वासावर आहे, रेशमाच्या उरलेल्या तुकड्यावर आहे. बासिनाबाई, तुम्ही ह्या मठात कशा आलात, हा प्रश्न नाही. न्यायाला बसलेल्या ग्रेगरीला उत्तर ठाऊक होतं. पाचव्या भागात, क्लोव्हिसच्या खुनाच्या जोडीला, त्यानेच ते लिहून ठेवलं होतं. मुद्दा वादाचा नव्हता, म्हणून विचारला नाही. विचारला नाही, म्हणून उतरला नाही. कोर्टात हे रोज होतं. माझ्या हातून टंकलेल्या कित्येक साक्षींत ते झालं असेल.

बॉदोनिव्हिया नावाच्या त्याच मठातल्या एका जोगिणीने पुढे रादेगुंदचं चरित्र लिहिलं. बाईच्या हातचं, त्या काळचं, मोठं मोलाचं पुस्तक. त्यात ह्या बंडाचा उल्लेख नाही. तिच्यावर मी नाराज होते. नंतर वाटलं, त्याच घरात राहायचं, त्याच पंगतीत जेवायचं, तर असं एखादं वर्ष उच्चारायचं नाही असं आतल्या सगळ्याजणींनी ठरवून टाकलं असेल.

वर्षाअखेरीस मेत्झच्या धर्मसभेत दोघींची माफी झाली. क्लोटिल्डने ल्युबोव्हेराच्या हाताखाली राहणार नाही म्हणून सांगितलं. राजाने तिला राहायला एक जहागिरीचं गाव दिलं, ती तिकडे गेली. बंडाची पुढारी तीच, आणि भिंतीबाहेरचं घर मिळालं तेही तिलाच.

बासिना त्याआधीही एकदा मागे फिरली होती. क्लोटिल्डच्या तोऱ्याला कंटाळून ल्युबोव्हेराकडे जाऊन तिने माफी मागितली होती, पण दोन्हीकडच्या नोकरांत मारामारी झाली आणि समेट मोडला. मेत्झला ती बिशपांच्या पायांवर आडवी पडली. मी मठात परत जाईन, प्रमुखबाईंशी प्रेमाने राहीन, नियमातलं काही मोडणार नाही, असं म्हणाली. आई, भाऊ, बाप, तिघेही मारले गेलेले. फ्रेडेगुंड जिवंत होती. बासिना प्वातिएला गेली आणि पहिल्यांदा फसवून आणलं होतं त्याच दारातून, ह्या खेपेस आपण होऊन, आत शिरली.